उगवतीला तोंड केलेलं खुराडं

माझं तोंड मोठं आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. शाळेत बाई मला पहिल्या बाकावर बसवायच्या, ते हुशार म्हणून नव्हे. बडबड सुरू झाली की टपली मारायला जवळ पडावी म्हणून. आणि लग्न झालं ते गवंड्याशी. आमचे हे दिवसभरात चार वाक्यं बोलणार, त्यातली दोन ओळंब्याबद्दल. जोडी बघून लोक हसायचे. पण आमचं बरं चाललं होतं. मी बोलायची, हे ऐकायचे, आणि मधेच एखादा शब्द असा टाकायचे की मला दिवसभर हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी भातकापणी आटपून भारे खळ्यावर आले, त्याच आठवड्यात ह्यांना झटका आला. सकाळी हातातून कपबशी सुटली. मी ओरडले, "लक्ष कुठंय तुमचं? नवीन कप होता!" उत्तर द्यायला ह्यांनी तोंड उघडलं तर ते एका बाजूला गेलेलं. आधी शहापूर, मग कल्याण, मग परत शहापूर अशा वाऱ्या झाल्या. पोरगी मुरबाडला दिलीय, ती महिनाभर येऊन राहिली. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र लोंबतच राहिला, आणि बोलणं गेलं.

गेलं म्हणजे अगदीच गेलं असं नाही. शब्द अडायचा. पहिलं अक्षर बाहेर यायचं, मग ओठ हलायचे, डोळे मोठे व्हायचे, गळ्याची शीर फुगायची, आणि पुढचं काही येईना. बघणाऱ्याला बघवत नसे. मला तर नाहीच. मग मी पुढं व्हायची. "पाणी पायजे? हे घ्या. उकडतंय? पंखा लावते. उठायचंय?" माझं बरोबर निघालं की हे मान हलवायचे, चुकलं तरी हलवायचे. कितीदा तरी तहान नसताना पाणी प्यायले असतील. कोणी बघायला आलं, "कसं वाटतंय आता?" असं ह्यांना विचारलं, की उत्तर मी द्यायची. "कालपासून बरंय. रात्री झोपले. भूक लागते." पाहुणा ह्यांच्याकडं बघून विचारायचा आणि माझ्याकडं बघून ऐकायचा. मला वाटे, मी ह्यांचे कष्ट वाचवतेय. देवाशप्पथ, मला तसंच वाटत होतं.

शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ह्यांना बोलू द्या. पहिल्या काही महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल तेवढं येईल, नंतर अवघड आहे. आणि दुसरी, रोजचं एखादं काम द्या, लहानसं, पण त्यांचं त्यांनीच करायचं असं. मी दोन्हींना जोरजोरात "हो मॅडम" म्हटलं. पहिली गोष्ट दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत डोक्यातून गेली. कामाचं मात्र मी मनावर घेतलं, कारण कामाला लावणं मला जमतं.

पण द्यायचं काय? तांदूळ निवडायला बसवलं तर डाव्या हातानं सूप कलंडलं. पेपर वाचा म्हटलं तर चष्म्याच्या आडून नुसते बघत बसले. हळूहळू असं झालं की हे सकाळी उठून मागच्या पायरीवर बसायचे ते जेवायलाच आत यायचे. तोंड उघडायचा प्रयत्नही कमी व्हायला लागला. आधी दिवसातून वीसदा अडखळायचे, मग दहादा, मग एखाददुसरं. मला पहिल्यांदा वाटलं, चला, निदान जीव शिणत नाही. मग एके दिवशी लक्षात आलं की आज सकाळपासून ह्यांच्या घशातून एक अक्षर निघालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले महिने निघून चालले होते. हे असेच गप्प झाले आणि कायमचेच गप्प राहिले तर? ह्या एवढ्या मोठ्या घरात मी एकटीनं कोणाशी बोलायचं?

माझी बहीण धसईला असते. ती एसटीनं आली, आणि येताना मांडीवर पाटी घेऊन आली. वर फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर आत सहा गावठी कोंबड्या, पाय बांधलेल्या, चिडलेल्या. एक कवडी होती, पांढऱ्यावर काळे ठिपके, बाकी तांबड्या. बहिणीनं पाटी ह्यांच्या पायाशी ठेवली. "भावजी, ह्या तुमच्या. सकाळी सोडायच्या, सांजच्याला झाकायच्या. ताईला हात लावू देऊ नका. ती कोंबड्यांना पण बोलून बोलून हैराण करंल."

हे हसले. वाकड्या तोंडानं, पण हसले. डाव्या हातानं कवडीच्या पाठीवरून बोट फिरवलं. मी आत जाऊन पदर डोळ्याला लावला आणि बाहेर येऊन बहिणीला म्हटलं, "झाकायच्या कशात? माझ्या डोक्यावर?"

कारण आमच्याकडं कोंबड्या बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आईकडं डालगं असायचं, बांबूचं, कोंबड्यांवर उपडं घालून वर दगड ठेवला की झालं. पण आमच्या परसामागं ओढा, ओढ्यापलीकडं रान. मुंगूस आहे, रानमांजर आहे. डालग्याखालून मुंगूस उकरून आत शिरतो. पक्कं खुराडंच हवं होतं. गावातला एक मिस्त्री, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, तो म्हणाला, दोन दिवसांत बांधून देतो. विटा पडून होत्याच.

मिस्त्रीनं परसात चौकोन आखला आणि विचारलं, "काकू, दार कुठल्या अंगाला ठेवू?"

मी म्हटलं, "कुठल्या म्हणजे? उगवतीला. घराचं दार उगवतीला, गोठ्याचं उगवतीला, देवळाचं उगवतीला. मग खुराड्यानं काय घोडं मारलंय?"

तो जरा घुटमळला. पायरीवर बसलेल्या ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "काकांना इचारू का?"

"काकांना काय इचारतोस? मी सांगतेय ना!"

तेवढ्यात हे डाव्या हातानं पायरीवर थाप मारायला लागले. धप, धप. तोंडातून "द… द…" असं काहीतरी. मला वाटलं लघवीला लागली. मी धावत जाऊन भांडं आणलं. मिस्त्रीनं तोंड फिरवलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भांड्याकडं बघितलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला. मी म्हटलं, "नाय लागली? मग कशाला घाबरवता माणसाला?" आणि परत मिस्त्रीच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. खुराडं छान झालं. कंबरेएवढं उंच, वर पत्रा, आत बसायला बांबूचा आडवा दांडा, आणि दार पूर्वेला, आमच्या पायरीसमोर. पायरीवर बसूनच ह्यांना दिसावं, हाही माझा हिशेब होता. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

नव्या कोंबड्यांना जागा माहीत व्हावी म्हणून आठ दिवस आत कोंडून ठेवल्या. दाणापाणी आतच. नवव्या दिवशी सोडल्या. दिवसभर परसात उकरत हिंडल्या. संध्याकाळ झाली, हे काठी टेकत पायरीवरून उठले, खुराड्याच्या दाराशी उभे राहिले, डाव्या मुठीत कणी घेतली आणि बोलावलं.

"ती… ती… ती…"

मी चुलीपुढं होते. हातातला चिमटा तसाच राहिला. ह्या माणसाच्या तोंडून कित्येक दिवसांत मी एक धड आवाज ऐकला नव्हता, आणि हे बोलावत होते. जड, ओला, एका बाजूनं सांडणारा आवाज. पण आवाज होता. "ती ती ती." जीभ दाताला लागत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाई नेमकं हेच करायला सांगायच्या आणि तिथं हे ओठ मिटून बसायचे.

कोंबड्या धावत आल्या. कणी टिपली. मग एक तांबडी खुराड्याच्या उंबऱ्याशी गेली, मान लांब करून आत बघितलं, एक पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. आम्ही दोघंही श्वास रोखून. तिनं पाय मागं घेतला, वळली आणि तडक परसातल्या जांभळीकडं निघाली. खालच्या फांदीवर, तिथून वरच्या. मागून बाकीच्या. पाच मिनिटांत सहाच्या सहा जांभळीवर, पिसं फुगवून, वर शेवटच्या उन्हात. हे खाली, हातात रिकामी मूठ.

"शिकतील हो," मी म्हटलं. "आठ दिवस आत राह्यल्या तरी अक्कल नाय आली. धसईच्या ना, बहिणीवर गेल्यात."

रोज तेच. हे रोज बोलवायचे, आणि खरं सांगते, रोज जरा मोठ्यानं बोलवायचे. ते ऐकायला मी भाजी खाली उतरवून ठेवायची. पण कोंबड्या रोज उंबऱ्यापर्यंत यायच्या, आत डोकवायच्या आणि झाडावर. मग मी स्टूल लावून एकेकीला खाली ओढायची. त्या फडफडायच्या, मला ओरबाडायच्या, मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांना खुराड्यात कोंबायची. हे बघत राहायचे. काम ह्यांचं होतं आणि करत मी होते. शेजारीण म्हणाली, पंख कापा. दुसरी म्हणाली, आत राख टाका, पिसवा झाल्या असतील. मी राख टाकली, चुना मारला, कणी आत पसरली, केरसुणी घेऊन मागं लागले. काही म्हणता काही उपयोग नाही.

आणि ह्याच दिवसांत ह्यांनी ते दाखवणं सुरू केलं. कोंबड्या झाडावर चढल्या की हे डावा हात उचलायचे आणि खुराड्याच्या पलीकडं, मावळतीकडं बोट करायचे. बोट करून माझ्याकडं बघायचे. ओठ हलायचे.

आता आमच्या मावळतीला काय आहे? ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं गावाची मसणवट. ह्यांच्या थोरल्या भावाला आम्ही तिथंच पोचवलं. पहिल्यांदा हात तिकडं गेला तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. आणि मी घाबरले की मला रडू येत नाही, राग येतो. "काय दाखवता? तिकडं काय दाखवता? जायचंय तिकडं? जा! मी एकटी राहते हितं कोंबड्या राखत! तिन्हीसांजेला असलं अभद्र दाखवायला लाज नाय वाटत?"

ह्यांचा हात खाली यायचा. दुसऱ्या दिवशी परत वर जायचा. माझा पट्टा परत सुरू. हे जोरजोरात मान हलवायचे, नाही नाही म्हणून, ओठांशी झटापट करायचे. मी म्हणायची, "कळलं मला. सगळं कळलं. गप बसा आता."

मग एका सकाळी जांभळीखाली पिसं पडलेली दिसली. आदल्या संध्याकाळी मला ताप होता, मी स्टूलावर चढले नव्हते. पांढरी पिसं, काळे ठिपके. रानमांजरानं नेलं असणार, रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता. ह्यांनी काठी टाकली, खाली बसले आणि डाव्या हातानं एकेक पीस गोळा केलं. केवढा वेळ लागला. गोळा करून त्याचं काय करायचं हे काही सुचलं नसावं, मुठीत धरून नुसते बसून राहिले. मी उठवायला गेले तर हात झिडकारला.

त्या संध्याकाळी ह्यांनी कोंबड्यांना बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पायरीवरसुद्धा आले नाहीत, खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. मी कणी घेऊन गेले, म्हटलं, "चला ना, तुमची वाट बघतायत." भिंतीकडचं तोंड वळलं नाही. मी बाहेर येऊन परसात उभी राहिले आणि उरलेल्या पाच कोंबड्यांना वाट्टेल ते बोलले. "मेल्यांनो, एका माणसाचं ऐकलंत तर काय बिघडेल तुमचं? दोन पावलं आत टाकायला काय होतं?" मला कोंबड्या नको होत्या. मला तो 'ती ती ती' परत पाहिजे होता. त्यातूनच पुढं काहीतरी फुटलं असतं, असं मला आतून वाटत होतं, आणि आता ते बंद झालं होतं.

त्यातच माझी दाढ. महिनाभर ठणकत होती, दुर्लक्ष केलं होतं. त्या आठवड्यात गालच सुजला. शेवटी शेजारणीला ह्यांच्याकडं लक्ष द्यायला सांगून शहापूरला गेले. दाताचा डॉक्टर तरुण होता, पण हात धीट. दाढ काढली, कापसाचा बोळा बसवला आणि म्हणाला, "काकू, दोन तास हा कापूस दाबून धरायचा. थुंकायचं नाही, बोलायचं नाही. बोललात तर रक्त थांबणार नाही." मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर त्यानं बोट दाखवलं. मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा असेल.

परत येताना खर्डी स्टेशनावरून गावची रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. शेजारणीनं ह्यांना जबरदस्तीनं पायरीवर आणून बसवलं होतं. ती गेली. मी गाल धरून ह्यांच्या शेजारी टेकले. समोर पाच कोंबड्या खुराड्याच्या दाराशी आल्या. रोजच्यासारखंच मान लांब करून आत बघितलं, मागं फिरल्या.

ह्यांचा डावा हात उठला. मावळतीकडं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात कापूस. दात दाबून बसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, माझं बोलणं येईल म्हणून खांदे जरा आत ओढले होते. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नवरा माझ्या आवाजाच्या आधी खांदे आवळून घेतो, हे मला माहीत नव्हतं.

आवाज आला नाही. हे वाट बघत राहिले. मग ओठ हलले.

"दा…"

मी डोळ्यांनीच म्हटलं, हां.

"दा… दा…" गळ्याची शीर फुगली. माझ्या जिभेवर दहा शब्द येऊन उभे होते. एकेक मी कापसावर चावला. एक कोंबडी जांभळीवर चढली. दुसरी चढली. "दा… र."

तिसरी कोंबडी. ह्यांचा हात अजून वरच होता. मला तो धरून खाली घ्यायचा होता. घेतला नाही.

"ति… ति… क… डं." चौथी. पाचवी. सगळ्या झाडावर बसल्या. "हवं… व्ह… तं."

दार तिकडं हवं होतं.

मी खुराड्याकडं बघितलं. सूर्य त्याच्या पाठीमागं होता. सगळं परस अजून उजेडात होतं, जांभळीच्या फांद्यांवर ऊन होतं, आणि आमच्या बाजूला वळलेलं खुराड्याचं तोंड काळंकुट्ट होतं. आत दांडा आहे की विहीर, माणसालाही दिसलं नसतं. कोंबडीला अंधारात दिसत नाही हे मला काय ठाऊक नव्हतं? पोरगी होते तेव्हापासून ठाऊक आहे. जिथं शेवटचा उजेड, तिथं ती जाणार. मावळतीला दार असतं तर जाता जाता ऊन सरळ आतल्या दांड्यावर पडलं असतं. तीस वर्षं भिंती बांधलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी दिसलं होतं. तो पायरीवर थापा मारत होता, आणि मी त्याच्यासाठी लघवीचं भांडं घेऊन धावले होते.

मसणवट नाही. मरण नाही. महिनाभर हा माणूस मला खुराड्याचं दार दाखवत होता.

मी रडायला लागले. तोंड बंद ठेवून रडणं फार अवघड असतं, नाकातून सगळं यायला लागतं. हे घाबरले, माझा गाल दुखतोय असं वाटलं असणार, डाव्या हातानं माझ्या सुजलेल्या गालाला हात लावला. मी तो हात तसाच दाबून धरला. मला एकच गोष्ट सुचत होती. ह्या महिन्यांत ह्यांची किती वाक्यं मी गिळली असतील? आणि एकसुद्धा धड माझ्या पोटात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलवायला निघाले तर ह्यांनी काठी आडवी घातली. स्वतःकडं बोट केलं. मग मला बिगारी म्हणून उभी केली. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मी ह्यांच्या हाताखाली विटा द्यायची, माल कालवायची. ते सगळं हाताला आठवलं. ह्यांनी डाव्या हातानं छिन्नी लावली, हातोडी मी मारली. पुढं हातोडी ह्यांनी घेतली, छिन्नी मी धरली. माझ्या बोटांचं काय होतंय, असं वाटत होतं, पण बोटं शाबूत राहिली. मावळतीच्या भिंतीतून काढलेल्या विटा उगवतीच्या दारात बसवल्या. मिस्त्रीनं दोन दिवसांत बांधलं होतं, आम्हांला फिरवायलाच पाच लागले. थापी डाव्या हातात वाकडी चालायची, माल सांडायचा, आणि मी दर विटेला म्हणायला जायची, "द्या इकडं." दोनदा म्हटलंही. दोन्ही वेळा ह्यांनी नुसतं बघितलं.

सहाव्या संध्याकाळी आम्ही दोघं खुराड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. आता दार पायरीवरून दिसत नव्हतं, ह्यांना काठी टेकत सगळं परस ओलांडून जावं लागलं. हे गेले. "ती ती ती." ऊन आत दांड्यापर्यंत पोचलं होतं, बांबू पिवळा दिसत होता. तांबडी आली, मान लांब केली, एक पाय उचलला आणि पुढं टाकला. उडी मारून दांड्यावर. मग एकीमागून एक, धक्काबुक्की करत, जसं काही त्यांचंच कधीपासूनचं ठरलेलं होतं. ह्यांनी दार लावलं, कडी घातली, माझ्याकडं वळले आणि मान जरा वर केली. गवंडी भिंत पुरी झाल्यावर करतो तशी.

सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. बोलणं आलं, पण थोडं आलं, आणि एकेक वाक्याला वेळ लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं आलं हेच खूप. मीही काही एका दाढेत सुधारले नाही. अजून शब्द तोंडातून काढून घेते. मग ह्यांची भुवई वर जाते, मी म्हणते, "बरं बाबा, तुमीच सांगा." पाहुणे आले की मी मुद्दाम चहा करायला आत जाते आणि आधण उगाच उकळत ठेवते, म्हणजे बाहेर ह्यांनाच बोलावं लागतं. भिंतीला कान लावून उभी राहते. कधी कधी बाहेर इतका वेळ शांतता असते की जीव खालीवर होतो. पण जात नाही बाहेर.

परवाचीच गोष्ट. भात चुलीवर ठेवून मी ह्यांच्याबरोबर खुराड्याकडं आले. कोंबड्या आत गेल्या, कडी लागली. हे दगडावर टेकले, मी खाली बसले. थंड वारा होता. ह्यांनी नाक जरा वर केलं, माझ्याकडं वळले आणि सुरुवात केली.

"अ… गो…"

"हां," म्हटलं, आणि गप्प झाले.

"तु… तु…"

मला वास आला. भात खाली लागत होता. चुलीचा जाळ मोठा ठेवला होता मी, स्वतःलाच शिवी द्यावीशी वाटली. उठायला गुडघ्यावर हात ठेवला आणि ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. वाक्य निघालं होतं. अर्ध्या वाटेत होतं. आता मी उठले तर ते तिथंच पडणार. लागू दे भात, म्हटलं मनात, जळू दे पातेलं. हात गुडघ्यावरून काढला आणि परत बसले. डासांनी पाय फोडून काढले. वास वाढत चालला.

"तु… झा… भा…"

शीर फुगली. मी पदर दातात धरला.

"भा… त… क… कर… पला… गो!"

मी धावले. मागून ह्यांचं हसणं ऐकू येत होतं, वाकडं, घोगरं, थांबायचं नाव नाही. पातेलं खाली काळं झालेलं. वरचा वरचा भात काढला, ताक घेतलं, दोघं जेवायला बसलो. भाताला धुराचा वास होता. दोन घास झाले असतील, ह्यांनी हात थांबवला, माझ्याकडं बघितलं, आणि परत पहिलं अक्षर निघालं.

मी घास ताटात ठेवला आणि थांबले.